कॅशचं काम

माझा मामेभाऊ देवासला नेमकं काय करतो, या प्रश्नाला आमच्या घरात चार वर्षं एकच उत्तर होतं. "कॅशचं काम बघतो," आई सांगायची. देवासबद्दल बाहेरच्या माणसाला एक गोष्ट हमखास ठाऊक असते, ती म्हणजे तिथं नोटा छापतात. बँक नोट प्रेस तिथं १९७४ पासून आहे, नोटांची शाईसुद्धा तिथंच तयार होते. त्यामुळे वसईत आमच्या आळीत सगळ्यांचा समज असा, की दादा दिवसभर कोऱ्या नोटांच्या गठ्ठ्यांत बसलेला असतो. त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली तेव्हा या समजाचा थोडा उपयोगच झाला, म्हणून कुणी तो दुरुस्त करायला गेलं नाही.

दादाची कॅश वेगळी. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग निराळं आहे, उच्चार एकच. देवनागरीत लिहिलं की तोही आधार जातो. तो एका कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये स्टोरेज सांभाळतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात तो फार चांगला दिसत नाही, आणि दादा अजून तिथंच आहे.

गेल्या जूनमध्ये मी त्याच्याकडे तीन आठवडे राहिले. निमित्त फॉर्स्टरचं होतं. 'अ पॅसेज टू इंडिया' वाचून झालं होतं, आणि हा लेखक १९२१ मध्ये देवासच्या महाराजांचा खाजगी सचिव होता हे कळल्यावर राहवेना. फॉर्स्टरनं ती कादंबरी १९१३ मध्येच लिहायला घेतली होती. सुरुवातीची प्रकरणं तो देवासला घेऊन आला, पण तिथं ती पुढं सरकेनात. समोर खरा देश होता, आणि कागदावरचा त्याच्यापुढं फिका पडला. कादंबरी पुरी झाली ती इंग्लंडला परत गेल्यावर, १९२४ मध्ये. हे सगळं टिपून घ्यायला वही नेली होती. वहीत फॉर्स्टरची चार पानं झाली आणि डिस्कची अकरा.

दादा एका मराठी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खालच्या आप्पांचं वय ऐंशीच्या पुढं. नोकरी ट्रेझरीत झाली, आणि त्यांचे वडील संस्थानात कारकून होते. त्यांची मराठी ऐकायला मला फार आवडायचं. अर्धं वाक्य पुण्याच्या जुन्या पुस्तकातलं आणि अर्धं माळव्यातलं. "काय गं बेटा, आज उजेड असताच आलीस, चला, चाय मांडतो." आमच्या घरी कादोडी बोलतात, शाळेत प्रमाण मराठी, कॉलेजात इंग्रजी, आणि देवासला रविवारची मिस्सा हिंदीत. त्यामुळे कुणाची मराठी शुद्ध हा प्रश्न माझ्या डोक्यात येतच नाही.

आप्पांनाही दादाचं काम कळत नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "भैया, तू म्हणतोस डिस्कवर लिहितात. मग ही कॅश मध्ये कशाला?"

दादानं आधी डिस्क समजावली. त्याच्या स्टोरेजमध्ये २४ डिस्क आहेत, अजूनही फिरणाऱ्या. मिनिटाला १५,००० फेरे. म्हणजे एक फेरा ४ मिलिसेकंदांचा, आणि हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे २ मिलिसेकंद. त्याआधी सुईचा हात योग्य वर्तुळावर सरकायला आणखी तीन-चार. एका डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेली कामं सेकंदाला पावणेदोनशेच्या आसपास होतात, जास्त नाही. वर डिस्क मेली तरी माहिती वाचावी म्हणून हिशेबाची एक जोड नोंद, पॅरिटी, ठेवलेली असते. तेव्हा एक छोटी गोष्ट लिहायची म्हणजे जुनी माहिती वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवी माहिती लिहा, नवी पॅरिटी लिहा. एका कामाची चार कामं. २४ डिस्क मिळून चार हजार कामं करत असतील, तर लिहिण्याच्या बाबतीत त्याची चौथाईच हाती लागते.

"आणि कारखान्यात लिहिणारे किती?" दादा म्हणाला. "स्टोअर, डिस्पॅच, वजनकाटा, हजेरी, सगळे एकदम."

म्हणून कॅश. डिस्कच्या पुढं एक वेगवान मेमरी बसवलेली असते. सर्व्हर म्हणतो, हे लिही. मेमरी ते घेते आणि लगेच सांगते, लिहिलं. एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. सर्व्हर पुढच्या कामाला जातो. डिस्कवर खरोखर लिहिणं मागाहून, सवडीनं, जवळजवळच्या नोंदी एकत्र करून. याला राइट-बॅक म्हणतात. उलट डिस्कवर पोचल्याशिवाय 'लिहिलं' म्हणायचंच नाही, ते राइट-थ्रू.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ही तर कीर्द-खतावणी झाली."

माझ्यासारख्या ज्यांनी हे शब्द फक्त जुन्या कथांत वाचलेत त्यांच्यासाठी सांगते. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमानं ज्या वहीत टिपतात ती कीर्द. मग संध्याकाळी दिवा लावून त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायच्या, ती खतावणी. गिऱ्हाईक पैसे देऊन उभं असतं, त्याला खतावणी होईपर्यंत थांबवत नाहीत. कीर्दीत नोंद झाली की पावती हातात.

"आणि रात्री कीर्दच चोरीला गेली तर?" मी विचारलं.

"म्हणून तर मुनीम ती उशाशी घेऊन झोपायचा."

दादाला उपमा आवडली, पण त्यानं एक दुरुस्ती केली. "आप्पा, कीर्द कागदावर असते. माझी कीर्द पाटीवर आहे. आणि ही पाटी अशी, की लाइट गेली की आपोआप पुसली जाते."

त्या पाटीवरचं पुसलं जाऊ नये म्हणून स्टोरेजच्या पेटीत एक बॅटरी असते. वीज गेली तर जुन्या पद्धतीच्या यंत्रांत ती मेमरीला काही तास, काहींत दोन-तीन दिवस जागं ठेवते; नव्या यंत्रांत बॅटरी फक्त काही मिनिटं टिकते, पण तेवढ्यात सगळं फ्लॅशवर उतरवून ठेवलं जातं. राइट-बॅकचं 'लिहिलं' हे उत्तर खरं धरायचं की नाही, ते या बॅटरीवर ठरतं.

शब्दाबद्दल थोडं, कारण शेवटी मी साहित्याची विद्यार्थिनी. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्सनं १९६५ मध्ये अशा मेमरीवर शोधनिबंध लिहिला तेव्हा तिला 'स्लेव्ह मेमरी' म्हटलं होतं. तो शब्द मेला हे बरं झालं. आयबीएमच्या लोकांनी १९६८ च्या सुमाराला त्यांच्या नियतकालिकात 'हाय-स्पीड बफर' असं रूक्ष नाव लिहून पाठवलं, तर संपादकानं जरा बरा शब्द मागितला, आणि मग 'कॅश' आला. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ लपवणं. संपादकाच्या हट्टामुळे भाषेत शब्द आला याचं मला कौतुक वाटतं. आपल्या मंडळाच्या संपादकांनी हे वाचून माझ्या लेखात फार शब्द बदलू नयेत, एवढीच विनंती.

पुढचे आठ-दहा दिवस रात्री जेवणानंतर दादा मला सेटिंग्ज दाखवायचा. लॅपटॉपवर एक करड्या रंगाची खिडकी, डावीकडे व्हॉल्यूमची यादी, उजवीकडे बारीक अक्षरांत पर्याय. व्हॉल्यूम म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेल्या मोठ्या जागेचे पाडलेले हिस्से. मला वाटलं होतं कॅश म्हणजे एक बटण असेल, चालू किंवा बंद. तसं नसतं. प्रत्येक हिश्श्याला वाचण्याची कॅश वेगळी, लिहिण्याची वेगळी, आणि त्याला जोडून आणखी प्रश्न.

एक प्रश्न, पुढचं आधीच वाचून ठेवायचं का? बॅकअप घेणारा प्रोग्राम पुस्तक वाचल्यासारखा पानामागून पान वाचतो. त्याच्यासाठी पुढची दहा पानं आणून ठेवणं शहाणपणाचं. डिस्पॅचचा डेटाबेस मात्र शब्दकोश चाळल्यासारखा उड्या मारतो. त्याच्यासाठी पुढची पानं आणली तर ती वाचली जात नाहीतच, वर कामाच्या पानांची जागा जाते. कॅश मोठी नसते. दादाच्या यंत्रात प्रत्येक कंट्रोलरला ४ जीबी. माझ्या फोनची रॅम ६ जीबी आहे, हे मी त्याला सांगितलं तर तो दुखावला.

दुसरा प्रश्न, कॅशमधली एक चौकट केवढी? डेटाबेस ८ केबीचे तुकडे मागत असेल आणि चौकट ३२ केबीची असेल, तर प्रत्येक वेळी मोठ्या डब्यात मूठभर तांदूळ. उलट मोठ्या फायली लहान चौकटींत भरल्या तर चौकटींचा हिशेब ठेवण्यातच कंट्रोलरचा वेळ जातो. आणि गंमत म्हणजे हे सेटिंग व्हॉल्यूमला वेगवेगळं देता येत नाही, सगळ्या पेटीला एकच. म्हणजे कुणाची तरी गैरसोय करूनच ते ठरवायचं.

मला सगळ्यात जास्त रस तिसऱ्यात होता. न उतरवलेल्या नोंदींनी कॅश किती भरू द्यायची, आणि कुठल्या टक्क्याला डिस्कवर उतरवायला लागायचं? दादाकडे तो आकडा ८० होता. मी म्हटलं, कमी ठेव ना, २० ठेव, म्हणजे सगळं लवकर डिस्कवर जाईल, सुरक्षित. तो म्हणाला, तसं केलं तर कॅशचा अर्धा फायदा जातो. एकच नोंद डेटाबेस मिनिटात पन्नास वेळा बदलतो. ती थोडा वेळ कॅशमध्ये राहिली तर पन्नास बदलांचं डिस्कवर एकदाच लिहिणं होतं. घाई केली तर पन्नासही वेळा डिस्कला त्रास. मग ९५ ठेव, मी म्हटलं. तर म्हणे अचानक महिनाअखेरीचा लोंढा आला की कॅशमध्ये जागाच नसते, आणि सर्व्हरला दारात उभं करून आधी जुनं उतरवावं लागतं. मला माझी कच्ची वही आठवली. ज्या दिवशी प्रत्येक ओळ लगेच पक्की करते त्या दिवशी काही सुचत नाही, आणि जेव्हा सगळं कच्चंच ठेवते तेव्हा जमा करायच्या आदल्या रात्री रडते. ८० हा आकडाही काही दैवी नाही. दादानं तो वापर बघून दोनदा बदलला होता आणि परत तिथंच आणला होता.

पेटीत कंट्रोलर दोन. प्रत्येकाकडे काही व्हॉल्यूमची मालकी, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या न उतरवलेल्या नोंदींची एक प्रत आपल्याकडे ठेवायची. एक मेला तर दुसरा त्याचा कारभार उचलतो. हे ऐकून देवासमध्ये कुणालाही दोन पात्या आठवतील. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांपासून निघालेली थोरली पाती आणि धाकटी पाती; एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन राजवाडे, मुलूख एकमेकांत मिसळलेला, आणि १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत हे चाललं. फॉर्स्टरनं 'द हिल ऑफ देवी'मध्ये या दुहेरी कारभाराची मनसोक्त गंमत केली आहे. मी उत्साहानं हे वहीत लिहिलं आणि आप्पांना वाचून दाखवलं. आप्पा हसले. "कसली प्रत बेटा, एका पातीचा कागद दुसरीला दिसू नये म्हणून आमच्या वडिलांचा जीव जायचा." तेव्हा उपमा तिथंच सोडली. माहिती ठेवणारी यंत्रं राजघराण्यांपेक्षा जास्त समंजस असतात.

माझ्या दुसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, नऊच्या सुमाराला दादाचा फोन वाजला. डिस्पॅचचा स्क्रीन अडकतोय. बिल बनवायला एरवी तीन-चार सेकंद लागतात, तिथं चाळीस लागताहेत. गेटवर गाड्या भरून उभ्या होत्या. कागद मिळाल्याशिवाय त्या निघू शकत नव्हत्या. पावसाळा तोंडावर आलेला, आभाळ गच्च, लांब विजा चमकत होत्या.

दादानं जेवणाचं ताट बाजूला सरकवून लॅपटॉप उघडला. करड्या खिडकीत एक लाल खूण होती. एका कंट्रोलरची बॅटरी गेली होती. अशा बॅटऱ्या साधारण तीन वर्षं चालतात, उकाड्यात त्याहून कमी. ही पाच वर्षं जुनी होती. बदलण्याची मागणी दादानं आधीच्या वर्षी केली होती आणि ती खर्च कमी करण्यात कापली गेली होती. बॅटरी गेल्याबरोबर यंत्रानं आपणहून लिहिण्याची कॅश थांबवली होती. पाटी पुसली जाण्याची शक्यता दिसताच ते पाटीवर लिहायचंच बंद करतं. आता प्रत्येक नोंद थेट डिस्कवर, चारपट कामासकट. यंत्र बिघडलं नव्हतं, जसं वागायला हवं तसंच वागत होतं, आणि म्हणूनच कारखाना तुंबला होता.

त्याच खिडकीत एक चौकोन असतो. बॅटरीशिवाय लिहिण्याची कॅश चालू ठेवा. खूण केली की सगळं पहिल्यासारखं वेगवान. खाली पिवळ्या त्रिकोणात इशारा.

दहाच्या सुमाराला दादाच्या वरच्या साहेबांचा फोन आला. त्यांना तो चौकोन ठाऊक होता; पूर्वीच्या कुणीतरी एकदा तसं करून वेळ निभावली होती. स्पीकरवर होते म्हणून मी ऐकलं. हिंदीत बोलत होते. यूपीएस आहे, जनरेटर आहे, लाइट गेली तरी काय होणार आहे, टिक कर आणि मोकळा हो, मी बघतो.

दादा म्हणाला, "सर, मेल टाका. दोन ओळी. मी लगेच करतो."

"अरे मी बोलतोय ना."

"हो सर. मेल टाका."

फोन ठेवल्यावर मीही तेच विचारलं. यूपीएस असताना बॅटरीचं एवढं काय? त्यानं सांगितलं, वीज जाते म्हणजे फक्त तारेतून जाते असं नाही. यूपीएस स्वतःच बंद पडतो. रॅकमधला स्विच ट्रिप होतो. सफाईवाल्याच्या पायात केबल येते. कंट्रोलर आपल्याच कारणानं रीस्टार्ट होतो. मोठ्यांच्या घरीही होतं. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजार ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावा लागला तो संध्याकाळी पावणेचारला पुन्हा सुरू झाला. तिथं माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी एकाच वेळी ठेवण्याची व्यवस्था होती, एकही नोंद हरवू नये अशी. दोन ठिकाणांना जोडणाऱ्या लाइन डळमळल्या, त्यात मुख्य स्टोरेज सर्व्हरना मिळेना झालं, आणि जोखमीवर लक्ष ठेवणारी प्रणाली बंद पडली. तिथं कुणी आळशी नव्हतं, सगळं दोन-दोन होतं.

"आणि गेली तर काय जाईल? शेवटची पाच-दहा बिलं? ती परत बनवता येतील," मी म्हटलं.

हे मला वाटलं तितकं सोपं नव्हतं. कॅशमधून नोंदी डिस्कवर लिहिल्या त्या क्रमानं उतरत नाहीत, यंत्राला सोयीच्या क्रमानं उतरतात. मधेच पाटी पुसली गेली तर वहीचं शेवटचं पान फाटत नाही. पान ४० असतं, ३९ असतं, आणि ३८ नसतं. डेटाबेसला मात्र 'लिहिलं' असं सांगितलेलं असतं, तो ३८ आहे असं धरून चालतो. मग कुठलं बरोबर आणि कुठलं चूक हे कुणालाच सांगता येत नाही. हजेरीपण त्याच डेटाबेसमध्ये होती. कंत्राटी कामगारांचा पगार त्या हजेरीवर निघतो, आणि ज्याची नोंद गेली त्यानं ती होती हे सिद्ध कसं करायचं?

मेल आली नाही. साडेदहाला परत फोन, अकराला परत. एकदा आवाज चढला. दादा स्वतः कंत्राटावर आहे, दर वर्षी ऑगस्टमध्ये नूतनीकरण. त्याचा चेहरा मी बघत होते. त्यानं हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. दर वेळी तेच, मेल टाका.

मधल्या वेळात तो हातावर हात ठेवून बसला नव्हता. त्यानं रात्री बाराचा बॅकअप पुढं ढकलला. डिस्क तपासत फिरणारं एक मागचं काम बंद केलं. अकौंट्सचे रात्रीचे रिपोर्ट थांबवले. आणि दोन व्हॉल्यूमवर मात्र त्या चौकोनात स्वतःच खूण केली, एक चाचणीचा आणि एक तात्पुरत्या फायलींचा, जे पुसले गेले तरी सकाळी नव्यानं बनवता येतात. एवढ्यानं चाळीस सेकंदांचे पंधरा झाले. मग तो रेनकोट घालून कारखान्यात गेला.

पहाटे परतला तेव्हा मी जागीच होते. शेवटची गाडी सव्वाचारला निघाली. ड्रायव्हर पावसात गेटच्या पत्र्याखाली उभे होते, त्यातल्या एकाला सकाळी नाशिकला पोचायचं होतं. त्यानं दादाला विचारलं, साहेब, मशीन खराब आहे का? दादा हो म्हणाला. दुसरं काय सांगणार? वाट बघितल्याचे पैसे ड्रायव्हरला कुणी देत नाही. एका बाजूला कामगारांची हजेरी वाचवायची म्हणून दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर रात्रभर उभे राहिले, आणि ते ठरवलं पिवळ्या त्रिकोणासमोर बसलेल्या सत्तावीस वर्षांच्या कंत्राटी माणसानं. मला हे बरोबर वाटलं. अजूनही वाटतं. पण मी त्या पत्र्याखाली उभी नव्हते.

शुक्रवारी दुपारी धार जिल्ह्यातल्या पीथमपूरहून बॅटरी आली. तिथल्या एका कारखान्यात त्याच मॉडेलची पेटी होती आणि दादाचा मित्र ती सांभाळत होता. त्यानं जादाची बॅटरी रिटर्नेबल गेट पासवर दिली. बसवल्यावरही लगेच सुटका नाही. बॅटरी पूर्ण चार्ज होऊन यंत्राला तिची खात्री पटेपर्यंत कॅश सुरू होत नाही. रात्री नऊला लाल खूण गेली.

आणि त्या सगळ्या वेळात देवासची लाइट एकदाही गेली नाही. यूपीएस व्यवस्थित, स्विच व्यवस्थित, केबलला कुणाचा पाय लागला नाही. साहेबांनी हे दादाला सोमवारी ऐकवलं, मंगळवारी ऐकवलं, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकवलं. बघ, काही झालं असतं का? याला दादाकडे उत्तर नव्हतं. नसतंच. आप्पांनी मात्र त्याला एक विचारलं, "तो ड्रायव्हर चाय प्यायला का रे?" दादा म्हणाला, कँटीन बंद होती. आप्पांना ते आवडलं नाही. साहेबांपेक्षा त्यांचं न आवडणं दादाला जास्त लागलं असं मला दिसलं.

पुढच्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, उसनी बॅटरी परत करायला आम्ही मित्राची मोटरसायकल घेऊन पीथमपूरला गेलो. मुंबईहून नवी आली होती. तिथून धारला जायचा हट्ट माझा. धारला फडके स्टुडिओ आहे. रघुनाथ कृष्ण फडके मूळचे आमच्या वसईचे, जन्म १८८४ चा. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा त्यांचाच, त्याच्याजवळून आपण कॉलेजात असताना किती वेळा गेलो असू. १९३० च्या दशकात ते धार दरबारच्या कामासाठी तिथं गेले आणि तिथलेच झाले. १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७२ मध्ये धारलाच वारले. वसईत मी कुणाच्या तोंडून त्यांचं नाव ऐकलं नव्हतं.

पुतळे बघताना मी दादाला मातीकामाबद्दल सांगत होते, जेवढं मला ठाऊक आहे तेवढं. आधी सांगाड्यावर ओल्या मातीत चेहरा करतात. ती माती सुकली तर भेगा पडतात, म्हणून काम थांबलं की ओली फडकी गुंडाळायची, फडकी सुकली की परत भिजवायची. हे महिनोन्‌महिने. मग साचा, मग प्लास्टर, आणि सगळ्यात शेवटी धातू. प्लास्टर निघेपर्यंत सगळा चेहरा त्या ओल्या फडक्याच्या भरवशावर.

"फडकं कोण भिजवायचं?" दादानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. असेल कुणी पोरगा.

"त्याला कुणी सांगितलं असेल ना, आज राहू दे, एका दिवसात काय होतंय," दादा म्हणाला, आणि पुढच्या पुतळ्याकडे गेला.

ऑगस्टमध्ये कंत्राट वाढलं, सहा महिन्यांचं, एरवी वर्षाचं असतं. बॅटऱ्या दर तीन वर्षांनी बदलाव्यात आणि रात्री गाड्या थांबल्या तर कँटीन उघडं ठेवावं, अशी एक मेल त्यानं साहेबांना पाठवली आहे. मसुदा मीच तपासून दिला, इंग्रजी माझं बरं म्हणून. उत्तर अजून आलेलं नाही.